शाखा क्रमांक एक्केचाळीस

नकाशात तिला नाव नाही.
नुसता आकडा, आणि बाण : उतार पूर्वेकडे.
नाव हवं तर पुलाला विचारावं लागतं.
तोक्योच्या या कोपऱ्यात पूल अजून आहे,
डांबरात गुडघ्यापर्यंत रुतलेला.
कठड्यावर कोरलंय : रंगाऱ्यांचा पूल.
ओलांडायला काही नाही.

या गल्लीकडे एकाही घराचं तोंड नाही.
सगळ्या पाठी : गीझर, मोऱ्या, वाळत घातलेले मोजे.
नदीकडे पाठ करून बसलेली घरं
नदी उठून गेली तरी तशीच बसून आहेत.

वर्षातून दोनदा मी झाकण उघडतो.
लोखंडी शिडी, बावीस पायऱ्या,
कपाळावर दिवा, कमरेला वायूमापक.
उराबे-सान घडीची खुर्ची घेऊन येतात,
शहाऐंशी वर्षांचे,
आणि दर वेळी तेच विचारतात :
आज रंग कोणता?

त्यांच्या वडिलांनी रेशमाची थानंच्या थानं
इथं खंगाळली.
कधी नदी जांभळी, कधी गंजासारखी तांबडी.
वरच्या अंगाला लग्न ठरलं
की खालच्या वस्तीला पाण्यावरून कळायचं.

मला वाटायचं, बिचारे.
यंदा त्यांनी खिशातून शिक्का काढला,
करंगळीएवढा, लाल तोंडाचा.
"हाच उमटवला मी. एकसष्ट साली.
नदी झाका, असा अर्ज होता.
नाकाला रुमाल बांधून घरोघर फिरलो.
शहराला खेळांची घाई, आम्हाला वास असह्य.
आणि त्याआधीच्या पुरात धाकटीचं अंथरूण गेलं."

अंथरूण म्हणाले.
धाकटीचं पुढे काय, ते नाही.

मी उतरलो.
खाली ती होती, घोट्याएवढी, काँक्रीटच्या पेटीत :
अंघोळींचं पाणी, तांदूळ धुतल्याचं,
कुणाच्या तरी औषधाचं.
आणि डाव्या भिंतीच्या एका सांध्यातून
कुणीच न जोडलेला एक झरा,
गार, बोटाएवढा.

वरून हाक आली : "रंग?"

दिव्याचा झोत झऱ्यावर धरला.
"काहीच नाही!" मी ओरडलो.
बोगद्यानं ते तीनदा म्हटलं.

वर खुर्ची करकरली. बराच वेळ काही नाही.
मग : "म्हणजे खंगाळून झालं.
आता पिळायला हरकत नाही."

नोंदवहीत लिहिलं : प्रवाह सुरळीत. सांधा गळका.
'दुरुस्ती' या रकान्यात पेन टेकवलं
आणि तसंच धरून राहिलो.
शाईचा ठिपका पसरत गेला,
निळा.