बारा आण्यांचा मसाला

पुन्ता अरेनासच्या करमुक्त बाजारात
हीटर आणि सायकलची कुलपं यांच्या मधे टांगलेली होती.
लाल. प्लायवुडची.
कुठल्या देशात बनली ते मागे छापलं होतं,
पण किमतीचं लेबल नेमकं त्याच्यावरच चिकटवलेलं.
खेकडे सोलून मिळालेला दोन आठवड्यांचा पगार मी मोजला
आणि वाऱ्याला पाठ देत तिला घरी आणली.

खुंट्या अशा, की एक तार सुरात यावी
तोवर दुसरी घरंगळलेली.
घोडीचे पत्रे मनगटाला बोचायचे.
आणि आवाज? ब्लँकेटखाली कुणी भांडतंय असा.

इबार म्हणाला
(त्याची गिटार सांतियागोहून काकाने पाठवलेली),
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला कशाला?
मी म्हटलं, कोंबडी माझी आहे.

खुंट्या ओव्हरटाइमच्या पैशांतून आल्या.
घोडी आली वाढदिवसाला, पितळेची,
हातात घेतली तर दाराच्या कडीएवढी जड.
मानेच्या टोकाची प्लॅस्टिकची पट्टी मी उखडली
आणि रविवारच्या कोकराची नळी उकळून, वाळवून
तीन रात्री कानशीने घासत बसले.
आई म्हणाली, स्वयंपाकघरात दातांच्या डॉक्टरचा वास येतोय.

पिकअपसाठी मात्र मानसियांकडे गेले.
बत्तीस वर्षं गोदीत विंचच्या मोटारी गुंडाळलेला माणूस;
कान तिथेच ठेवून आलेला.
जुना पिकअप त्यांनी उलटा केला, हुंगला,
म्हणाले, ही मोटारच की. फिरायचं विसरलेली.

बायकोच्या शिलाई मशीनच्या चाकाला त्यांनी रीळ बांधलं.
तार केसाहून बारीक, दिव्यासमोर धरली तरच असलेली.
प्रत्येक फेऱ्याला कॅल्क्युलेटरवर एक वाढायचा.
पहिलं रीळ: सात हजार आठशे.
कागदावर लिहिलं, खाली सही केली.

दुसऱ्याच्या वेळी वाऱ्याने कुठेतरी खांब पाडला.
जून महिना, साडेचारलाच काळोख.
कॅल्क्युलेटर उजेडावर चालणारा;
दिवा गेला, तसा आकडाही गेला.

मी शेवटचा पाहिला तेव्हा सहा हजार नऊशे काहीतरी होता.
त्यानंतर किती, कोण जाणे.
उलगडतो, मानसिया म्हणाले, पहिल्यापासून.
त्यांच्या तोंडाजवळ टॉर्च धरून मी मान हलवली: नको.
मग त्यांनी हाताने चाक फिरवलं, बराच वेळ,
मधेमधे रिळाचं पोट अंगठ्याने चाचपत,
पोळीची कणीक बघावी तसं.
पुरे, म्हणाले.

डाख मी दिला. बोट भाजलं.
दोन्ही पिकअप एकत्र लावले तर आवाज चिरका, पोकळ;
एक ओढतोय, दुसरा ढकलतोय.
दोन तारांची अदलाबदल केली, तेव्हा कुठे
शेजारच्या कुत्र्याने मान वर केली.

इबार आला. बराच वेळ वाजवत बसला.
जाताना जुन्या खुंट्या मागितल्या.
पुतण्याने अशीच एक आणली आहे म्हणे, निळी.

शनिवारी मी गिटार आणि ॲम्प घेऊन मानसियांकडे गेले.
त्यांनी आधी ॲम्प बंद करायला लावला,
मानेचं टोक दातांत धरलं
आणि डोळ्यांनी खुणावलं, वाजव.
एक तार. दुसरी. सहाही.
दात काढून म्हणाले,
छान आहे. पण हे कोकरू. यात मी नाही.

मग ॲम्प चालू केला.
जाळीवर तळहात टेकवून ते जमिनीवर बसले.
मी पहिला पिकअप वाजवला, मग दुसरा,
परत पहिला, परत दुसरा.
चुलीवर किटली उकळून उकळून थंड झाली.

सात हजार चारशे, ते म्हणाले.
हात काढला, पुन्हा ठेवला.
वीसेक कमीच.