तीनशे चाळीस मायक्रॉन

पिवळ्या ॲपने आधी पिनकोड विचारला,
मग म्हणालं, बारा फोटो हवेत, भरपूर उजेडात.
भुसावळात उजेडाला काय तोटा,
अकरा वाजता बोनेटवर पापड भाजेल एवढा.
तरी कुमुदने गाडी आधी धुतली,
डिकीतून बामणोदच्या वांग्यांची माती झाडली,
काचेवरचं फॅक्टरीच्या पासचं स्टिकर
नखाने खरवडलं. अर्धंच निघालं.

निळ्याला तीन फोटो चालतात.
तिथली माणसं रात्री जागी असतात.
"आहे का?"
"लास्ट किती?"
"बुलेटशी बदली करता का?"
एक जण नुसताच अंगठा दाखवून गेला.
चार दिवसांत सत्तेचाळीस जण,
बघायला आला एक,
तोही मागच्या गल्लीतला वारके,
चहा पिऊन "सहज आलो होतो" म्हणाला.

मी वहीत रकाने आखले.
पिवळं: जाहिरात फुकट, वर दिसायचे पैसे वेगळे.
निळं: सगळं फुकट, आपली झोप सोडून.
हिरवं: घरी येऊन तपासतात, भाव तेच सांगतात,
आणि तो ऐकून आपलीच गाडी
आपल्याला चोरीची वाटायला लागते.
लोकेशला पुण्याला फोनवर वाचून दाखवलं.
म्हणाला, पप्पा, हिरव्याला नका बोलावू.
का, ते नाही सांगितलं.

हिरव्याचा पोरगा सोमवारी आला.
मुठीत मावेल एवढं यंत्र,
पत्र्याला टेकवलं की टिक.
बोनेट एकशे दहा. छप्पर एकशे पाच.
उजवी दारं एकशे बारा.
मी त्याच्या मागे मागे, हात पाठीशी बांधून,
वरणगावात साहेब माझ्या मागे फिरायचे तसा.
तीस वर्षं तिथे गेज लावत बसलो,
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी खोट
पितळेतून हेरून बाजूला काढली.

डावं मागचं दार: तीनशे चाळीस.
"काका, इथे ठोकलेली आहे. आत पुट्टी आहे."
म्हटलं, शक्य नाही, पहिल्यापासून मालक मीच.
त्याने पुन्हा टेकवलं.
तीनशे चाळीस.
यंत्राशी वाद घालू नये,
हे नव्या पोरांना मीच शिकवायचो.

फोन लावला. बराच वेळ नुसते पुण्याचे हॉर्न.
"बारावीत होतो. तुम्ही सेकंड शिफ्टला.
यावल रोडला केळीच्या ट्रॅक्टरला घासली.
जळगावला नेऊन एका दिवसात करून घेतली.
आईने दिले पैसे."
कुमुद ओट्याशी होती.
तिने गॅस बारीक केला,
वळून नाही पाहिलं.
अकरा वर्षं, दर रविवारी,
ते दार मीच पुसलं. पुसून म्हणायचो,
बघ, कशी जपलीय, अजून ओरखडा नाही.
ती म्हणायची, हो ना.

हिरव्याने बारा हजार कापले.
त्याला चहा पाजून वाटेला लावला.
रात्री निळ्यावर एक ओळ वाढवली:
डावं मागचं दार रंगवलेलं आहे. खुलासा फोनवर.

गाडी नेली पारोळ्याच्या हिलाल अण्णांनी.
आल्या आल्या म्हणाले, "पहिले ते दार दखाडा."
कान लावला, बोटाने वाजवून ऐकलं, कलिंगड ऐकावं तसं.
"भाऊ, असं कोनी लिखत नई."
मग "कितलाले देशात?"
आणि तिथे मात्र त्यांनी
आठ हजारांसाठी दीड तास घेतला.

जाहिरात काढायची राहिलीय.
रात्री अजून फोन उजळतो.
"आहे का?"
"गाडी आहे का अजून?"
परवा एक वाजता, "जागे आहात का?"
असेल कुणी धुळ्या-नंदुरबारचा म्हणून
नुसता अंगठा पाठवून दिला,
चष्मा लावला,
मग नाव पाहिलं. लोकेश.