आडवे

डंडीत डिसेंबरात
दुपारी साडेतीनला सूर्य टे नदीवरच्या रेल्वेपुलामागे जातो
आणि मी सौरघटावर काम करते.
ग्रेगर या वाक्याला हसतो, दरवर्षी एकदा,
मग पडदा ओढून घेतो.
आम्हांला बाहेरचा लागत नाही,
झेनॉनचा दिवा आहे.

काचेवर, झिंकच्या पाण्यात,
नव्वद अंशांवर रात्रभर तारा उगवतात.
उभ्या. केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या.
डोळ्यांना दिसतं ते एवढंच,
दूध सांडून पुसल्यासारखं काही.
मग लाल रंगात बुडवायच्या,
फार वेळ नाही, रंगातलं आम्ल त्यांना खातं.
हे शिकायला चाळीस काचा गेल्या.

इलेक्ट्रॉनचं असं आहे:
उजेडाचा धक्का बसला की रंग त्याला सोडतो,
त्याला खाली काचेपर्यंत पोचायचं असतं.
जुन्या घटात वाट कणाकणांतून,
चिंचोक्यांच्या पोत्यातून मुंगी निघावी तशी.
वाटेत खड्डे.
पडला की बसला,
ऊब मिळेल तेव्हा उठेल,
तोवर बाजूला आयोडीन टपून.
म्हणून तार. सरळ.
अर्जात मी 'हमरस्ता' लिहिलं होतं
आणि कुणीतरी खरंच पैसे दिले.

ही इमारत पूर्वी तागाची गिरणी.
भिंतीत अजून शाफ्टची भोकं आहेत,
त्यातल्या एकात एलस्पेथ बिस्किटं ठेवते.
तिच्या आईची मावशी इथेच कांड्या भरायची,
कान गेल्यावर ओठ वाचायची.
मी सांगितलं, इचलकरंजीत माझ्या बाबांचे तसेच गेले,
अठरा मागांच्या शेडमध्ये.
मग पंपाच्या घरघरीत आम्ही दोघी
ओठांनीच बोलून पाहिलं.
मी म्हणाले, चहा.
तिने दूध आणलं.

आज दिवा बंद करून
व्होल्ट उतरताना बघत बसले,
अंधारात इलेक्ट्रॉन किती वेळ तग धरतो ते.
धरतो. चांगला धरतो.
तारेतून झरझर पोचतोही.
पण प्रवाह निम्मा.
आकडे तीनदा तपासले, क्लिप बदलली, पुन्हा निम्मा.
सरळ तारेला अंग कमी.
कणांच्या त्या वेड्यावाकड्या गर्दीत
रंगाला बसायला जागा तरी होती.

रात्री बाबा व्हिडिओवर. माझे ओठ बघतात.
"तार तुटते का?"
नाही.
"मग कापड का निघंना?"
मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.
त्यांना वाटलं, नेट गेलं.
उभेच धागे लावलेत, बाबा,
मी सावकाश म्हणाले, धोटाच नाही.
ते हसले नाहीत. "मग घाल की आडवं,"
म्हणाले, आणि औषध घ्यायला उठले.

सोमवारी त्याच तारांवर पुन्हा बी टाकलं,
फांद्या धरतील अशा बेतानं.
धरतील की एकमेकींत गुंतून बसतील, ठाऊक नाही,
आणि माझा व्हिसा एप्रिलपर्यंत.
ओव्हनचं दार लावून एलस्पेथने विचारलं,
वहीत नाव काय घालू?
पंप चालू होता.
मी ओठांनी सांगितलं, दोनदा,
'ड'साठी जीभ दाखवून.
तिने तिच्या लिपीत लिहिलं,
नमुना एकशे सतरा, आडवे,
वेळ तीन चाळीस,
आणि पडदा उघडून बघितलं
काही उरलंय का बाहेर.