चक्का

श्रीखंडच करायचं होतं, खरं सांगते.
भिशी माझ्याकडे, बारा जणी, शनिवार.
दोन लिटरचं दही आदल्या संध्याकाळी
यांच्या जुन्या पंच्यात बांधून
सिंकच्या नळाला टांगलं, खाली पातेलं ठेवलं
आणि विसरून झोपले.

मध्येच जाग आली. वाटलं, नळ गळतोय.
उठून तो पिळला, आणखी पिळला,
तरी ठिबकणं चालूच.
मग अंधारात ते दिसलं,
पांढरं, जड, लोंबणारं,
कुणी मान खाली घालून रुसून बसावं तसं.

सकाळी बोटाने चाखलं तर दात आंबले.
मार्च, त्यात आमचं स्वयंपाकघर चौथ्या मजल्यावर,
पांडवलेण्यांचा डोंगर दिवसभर तापतो
आणि रात्री ती धग खिडकीतून आत सोडतो.
किलोभर साखर ओतली असती
तरी त्या आंबटाने मान तुकवली नसती.

गेल्या महिन्यात विजया खैरनारकडे
तीन रंगांचे ढोकळे होते.
त्याआधी आहेरबाईंनी तर आचारी आणला, टोपीवाला.
आणि मी ओट्यापाशी,
ओले केस, हातात नासकं गाठोडं.

मीठ घातलं.
का, ते विचारू नका. हात त्या बरणीकडे गेला, एवढंच.
एकदा मीठ पडलं
की श्रीखंडाचा रस्ता बंद,
आणि रस्ता बंद झाला की मला नेहमी जरा बरं वाटतं.

चार मिरच्या तव्यावर, पांढरे फोड येईस्तोवर.
लसूण सहा पाकळ्या
(कासलीवाल वहिनींची वाटी आधीच बाजूला काढली,
बिनलसणाची; त्या खाणार ऊन असेपर्यंतच).
दाणे, जिरं, भद्रकालीतली कोथिंबीर देठांसकट.
सगळं खलबत्त्यात. मिक्सरमध्ये गुळगुळीत होतं,
मग दाताला काही सापडत नाही.
चक्क्यात कालवलं, उलथन्याने वर एक खळगा केला,
त्यात लाल तिखटाचं कडकडीत तेल. चर्र.
कडेने काळी द्राक्षं, उभी चिरून,
कारण घरात होती.
मार्चात नाशकात कुणाच्या घरात नसतात?

दहा मिनिटं लागली.
लाज वाटली ती त्याचीच.

टोस्टवर, काकडीच्या चकतीवर, शेवटी नुसत्या चमच्याने
खात होत्या सगळ्या.
"काय गं हे?"
विजयाच्या सुनेने फोनवर शोधून नाव सांगितलं,
लबनेह की काय, अरबांकडचं.
"हो, तेच," मी म्हणाले.
"फार वेळ लागला असेल?"
"काल संध्याकाळपासून लागले होते,"
मी म्हणाले, आणि हे तर
अक्षरशः खरं होतं.

चिठ्ठी आहेरबाईंची निघाली.
पैसे मोजले, चपला शोधल्या,
लिफ्टमध्ये अर्ध्या, जिन्याने अर्ध्या,
हसणं बराच वेळ खालून वर येत राहिलं.

कचरा न्यायला जिजा आली,
वॉचमनची बायको, सुरगाण्याकडची भोये.
वाडग्याच्या तळाशी दोन चमचे उरलं होतं.
तिने फडक्यातून नागलीची भाकरी काढली,
तुकडा मोडला, वाडगं फिरवून पुसलं,
दारातच उभ्याने खाल्लं.

"हे तं आमचं रोजचंच, ताई.
दही, मिरची, दाणे.
तुम्ही फक्त पाणी काढून टाकलं."

मी काहीच बोलले नाही.
बारा जणींनी ज्याची कृती लिहून मागितली
त्याची कृती ती दोन वाक्यांत सांगून मोकळी.

मग म्हणाली, "आणि ते पाणी?"

सिंकखालचं पातेलं मला आठवलंसुद्धा नव्हतं.
पिवळसर, हिरवट, काठोकाठ.
तिने वास घेतला, मान हलवली:
"पीठ भिजवते यात. चव येते."
वर ताटली झाकून
एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या काखेत पातेलं,
लिफ्ट नको म्हणाली, सांडेल.

चार मजले ते डचमळत खाली गेलं.
मी दार लोटून घेतलं नाही.