तीन बोटं

गोंदियाकडची असावी. पांढऱ्या कोटावर नाव, पटले.
म्हणाली, काका, तीन बोटं उभी धरा
आणि घाला तोंडात.
माझीच बोटं, माझंच तोंड.
दीड गेलं.
तिनं कागदावर लिहिलं, चेहऱ्यावर काही आणलं नाही.
मेडिकल चौकातल्या त्या कॉलेजात
हेही शिकवत असतील.

हे तोंड कोणाचं, ते तिला कुठून माहीत?
कळमन्याच्या यार्डात बावीस वर्षं
संत्र्याच्या ढिगाशी उभं राहून मी बोली पुकारली.
आंबिया असो की मृग,
माझं "हजार एक" निघालं
की काटोलच्या गाडीतला ड्रायव्हर झोपेतून उठायचा.
हेडाऊचं तोंड नाही बे, भोंगा आहे,
लोक म्हणायचे.

त्या भोंग्यात मी भरला पन्नीत घोटलेला खर्रा.
पहाटे एक, गाडी लागली की एक,
भाव पडला की एक,
भाव चढला तर दोन.

तोंड एका दिवसात बंद होत नाही.
आधी तिखट झोंबलं,
सावजीचा रस्सा नुसता पाहून डोळ्यांत पाणी.
मग गाल आतून वाळले, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखे.
मग पाणीपुरी गेली.
मग घास. पोळी वरणात भिजवायची, बोटानं आत ढकलायची.
आणि एका सकाळी, ढीग समोर, व्यापारी समोर,
"हजार"मधला हा निघेचना.
सेठनं दुसरा पोरगा उभा केला.
मला वहीवर बसवलं. वहीला तोंड लागत नाही.

घरी बोलणं कमी केलं.
चंद्रकलेला वाटलं, मी रागावलो.
मला वाटलं, तिला वास येतो.
एकाच कूलरसमोर दोन वर्षं
आम्ही दोघं आपापलं वाटून घेत झोपलो.
लग्नाची पत्रिका आली की माझी कंबर दुखायची.
अकरा किलो उतरलो.
साखर तीनशेच्या खाली येईना.
साखरेचा डॉक्टर पाय पाहायचा, डोळे पाहायचा,
तोंड उघडा, असं एकदाही म्हणाला नाही.
आणि रात्री तीनला पंख्याची पाती मोजत पडायचो,
त्याचं कार्ड कोणत्या खिडकीवर निघतं
ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

पटले मॅडमनं हिरडी दाबून आरसा धरला.
हा पू, काका. रोज गिळता तुम्ही.
याचं विष रक्तात उतरतं, मग साखर खवळते,
साखर खवळली की हिरडी आणखी सडते.
असा गोल आहे हा.
मग हातमोजे काढत, सहज विचारावं तसं,
"झोप लागते का?"

दातांच्या खुर्चीवर हे कोण विचारतं?
मी हो म्हणालो.
डोळ्यांनी दुसरंच सांगितलं.
ती कागदाकडं पाहत राहिली, पुष्कळ वेळ,
कागद कोरा होता तरी.

लाकडी पट्ट्या दिल्या, कुल्फीच्या काडीसारख्या.
दातांमध्ये एकावर एक रचायच्या,
जमेल तेव्हा एक जास्त.
चौदापासून सुरू.
सोळावर दीड महिना अडलो.
खर्रा सुटला, असं छातीठोक सांगत नाही.
दोनदा ठेल्यावर गेलो.
एकदा घेऊन फेकला.
एकदा फेकला नाही.
मॅडमला सांगितलं तर सगळ्या खोलीसमोर रागावली.
बरं वाटलं. कोणीतरी माझ्यावर
एवढ्या मोठ्या तोंडानं बोललं.

काल एकोणीसावी पट्टी बसली.
शेहेचाळीसचं ऊन, वाळ्याच्या ताट्या ओल्या,
चंद्रकला चवळीच्या शेंगा मोडत बसलेली.
आणि मला जांभई आली.
पूर्ण नाही, पण आली,
कानाशी कटकन वाजून,
डोळ्यांतून पाणी काढत, आवाजासकट.
तिनं वर पाहिलं.
शेंग हातातच राहिली,
आणि तिलाही आली.

"तोंडावर हात ठेवा ना," ती म्हणाली,
"माशी जाईन."

उत्तर देणार होतो.
पण जांभई अजून संपली नव्हती.