ठिपक्यांची शेळी

ज्या पोथीपुढे आमचं गाव वाकतं
तिला मी शेळ्या असल्यापासून ओळखतो.

पहिली चाळीस पानं काळ्या कळपाची, बापाने सोललेली.
मधली काही त्या बोकडाची,
ज्याने माझ्या आज्याला शिंगावर घेतलं होतं;
तिथे आता क्षमेविषयी काहीतरी आहे म्हणतात.
मला वाचता येत नाही.
केसांची बाजू कुठली, मांसाची कुठली,
एवढं बोट फिरवलं की कळतं.

अक्षरं मात्र कातड्याहून फार जुनी.
शेळ्या मरत गेल्या, ती एकीवरून दुसरीवर चढत आली.
गोचिडीसारखी, असं लहानपणी म्हणालो
तर बापाने कानशिलात ठेवून दिली.
डेब्रे ताबोरच्या वरच्या अंगाला, थंडीत,
तो कान अजून दुखतो.

माझी बहीण वोर्किनेश
एका पहाटे माहेरी आली, मुठीत स्वतःचा दात घेऊन.
मेरिगेता अस्रातनी पोथी उघडली.
मी बोटाकडे बघत होतो:
तांबडी अक्षरं आली तिथे थांबलं,
काळ्या ओळीवर पुढे सरकलं.
बायकोने नवऱ्याचं घर सोडू नये.
त्यांनी पदरचं एक अक्षर घातलं नाही.
ती उजेडीच परत गेली.
टेफच्या कापणीला तिची ओढणी आली,
धुतलेली, चौघडी केलेली.
दात आईने कुठे ठेवला, कधी सांगितलं नाही.

मग लढाई. मग डोंगरापलीकडची एक बाई,
आमची भाषा न येणारी,
पोराला पाठीशी बांधून खळ्यात येऊन बसली.
आमची गिरणी जाळली त्यांच्यातली, कुणीतरी म्हणालं.
काठ्या होत्याच हातात. रात्र होती.
मास्तर बिर्हानेमेस्केल म्हणाले, कायदा आहे, कोर्ट आहे.
आहे. पायी दोन दिवसांवर आहे.

मेरिगेता म्हणाले, पोथी आणा.
त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता.
कंदील मी धरला.
त्यांनी शेवटाकडून उघडली.

शेवटची चार पानं ठिपक्यांच्या शेळीची.
मीच भिजवली, मीच चौकटीवर ताणली,
दगडाने घासून घासून नखं गेली,
पण ठिपके काही निघाले नाहीत,
म्हणून त्यांच्यावर कुणी काही लिहिलं नाही.

त्या ठिपक्यांवर बोट ठेवून
ते गीझमध्ये वाचू लागले.
तोच सूर, बहिणीच्या वेळचा.
तांबडी अक्षरं असती तिथे थांबत होते.
मग आमच्या बोलीत:
परका दारी आला तर आधी पाणी द्यावं,
नाव नंतर विचारावं.

लोकांनी पुठ्ठ्याला ओठ लावले. काठ्या घेऊन घरी गेले.
कुणाच्या तरी घरून भाकरी आली, अर्धी.
कंदिलाचं गरम तेल माझ्या मनगटावर ओघळत होतं.
मी हललो नाही.

हे कुणाला सांगावं?
मास्तरांना सांगितलं तर ते हसतील,
म्हणतील, बघ, सगळं कोरंच असतं.
पण कोऱ्या पानाला कुणी घाबरलं नसतं.
आधीची तीनशे पानं भरलेली होती
म्हणून ते एक चाललं.
आणि त्या तीनशेतच कुठेतरी माझी बहीण आहे.

मेरिगेता आता अंगणात उन्हाला बसतात.
मी कॉफी घेऊन जातो. शेजारी टेकतो.
एकच विचारायचं असतं:
शेवटची पानं तेव्हाही होती ना हो?
विचारत नाही.
ते माझ्या पावलांवरून मला ओळखतात
आणि कप घेताना त्यांचा हात थरथरतो.
म्हातारपण असेल.

त्या बाईचा पोरगा हल्ली माझ्याकडे येतो.
ओल्या कातड्याची दोरी दुसऱ्या बाजूने धरतो,
दात-ओठ खाऊन ओढतो.
आमची बोली त्याला चांगली यायला लागली आहे.
काल विचारलं त्याने,
यावर काय लिहिणार?

म्हटलं, आधी केस काढू.