पायरी

फोनसावानला डिसेंबरात धुकं दहापर्यंत हटत नाही.
वर्कशॉपचं दार मात्र सातलाच उघडावं लागतं,
लांबच्या गावची माणसं आदल्या रात्रीच
येऊन व्हरांड्यात झोपलेली असतात,
कुबड्या उशाशी,
चिकट भाताच्या टोपल्या पोटाशी.

माझं काम मोजमापाचं.
डावा, साडेबावीस.
उजवा, गुडघ्याखाली, चोवीस.
नाव नंतर.
हे बरोबर नाही, असं तेस्फालेमनं मला
हातवारे करून सांगितलं होतं.

तेस्फालेम मेकेलेचा. दोन वर्षांच्या करारावर आलेला.
त्याला लाओ येत नव्हती, मला तिग्रिन्या.
भट्टीतून प्लास्टिकचा पत्रा निघायचा
सायीसारखा लोंबत,
कुणाच्याच कातडीचा नाही अशा तपकिरी रंगाचा.
दोघांनी चार कोपरे धरून तो
प्लास्टरच्या पोटरीवर लपेटायचा, निवायच्या आत.
तेवढ्यात भाषांतर बसत नाही.
हं, तो म्हणायचा.
हं, मी.
देशादेशांत करार होतात म्हणे, खुर्च्या मांडून.
मी पाहिलेला एवढाच:
चार हातमोजे,
आणि त्यांच्यामध्ये थंड होत जाणारी
कुणाची तरी पोटरी.

बुआवान बांबूचे कोंब काढायला गेली होती.
तिच्या जन्माआधी पडलेला बॉम्ब
पेरूएवढा, मातीत, वाट बघत.
ती पाय मागायला नाही, सांगायला आली:
चुलीपाशी उकिडवं बसता आलं पाहिजे.
अंगठ्याला फट हवी, चपलेसाठी.
आणि देवळात मांडी मोडून बसले
तर तळवा बुद्धाकडे वळता कामा नये.
तेस्फालेमनं तीनदा पाय मोडला, चौथ्यांदा केला.
चौथ्यांदा ती उकिडवी बसली,
उठली,
आणि पैशांचं विचारलं.
पैसे नाहीत म्हटल्यावर
थोडी रागावलीच.

मग फॉर्म आले. बारा पानी.
स्वतःच्या पायावर उभ्या आहात असं वाटतं का?
बुआवान म्हणाली, पाय यांनी केलाय.
उभी मी आहे.
दुभाष्यानं कुठल्या चौकटीत खूण केली, कोण जाणे.
हक्कांविषयी काही अडचण?
मग ती बोलली. कार्डासाठी जिल्हा कचेरीत गेले पाच वेळा.
खालून हाक मारली की वरून उत्तर येतं, वर या.
एकदा कारकून म्हणाला,
माणसानं आपली पायरी ओळखून राहावं.
ओळखते की, म्हटलं.
नऊ आहेत. सहावी फुटकी. कठडा नाही.

फेब्रुवारीत पाहुण्या आल्या हेलसिंकीहून.
कचेरीसमोर गाडी थांबली.
आधी चाकं उतरली,
मग हिल्काबाई.
त्यांनी नऊ पायऱ्यांकडे पाहिलं,
आणि तशाच बघत राहिल्या, फार वेळ.
वर धावपळ.
मग अख्खी कचेरी खाली आली,
साहेब, उपसाहेब, फुलांचा गुच्छ, थंड पाणी,
तो कारकूनही, शर्ट खोचत.

आम्ही वर्कशॉपची माणसं कडेला उभी.
बुआवान माझ्या कानात म्हणाली,
म्हणजे यांना उतरता येतं.
आणि सरळ जाऊन
गुच्छ देऊन रिकाम्या झालेल्या हातात
तिनं अर्ज ठेवला.

साहेब हसले. म्हणाले, शिक्का वर आहे.
आणा की, बुआवान म्हणाली,
तुम्हाला पाय आहेत.

दुभाषा गप्प.
हिल्काबाईंनी विचारलं, काय म्हणाली?
त्यानं सांगितलं. पूर्ण सांगितलं,
त्या दिवशी तरी.

उतार मंजूर झालाय म्हणतात.
सिमेंटची पोती आली होती, पावसात दगड झाली.
तेस्फालेम घरी गेला, कधी फोन करतो,
आम्ही दोघं हं, हं करतो.
शिक्का अजून वरच असतो.
पण दर मंगळवारी, धुकं हटायच्या आत,
पाच-सात माणसं नवव्या पायरीखाली बसलेली असतात,
मधोमध बुआवान, उकिडवी,
आणि वरून कुणीतरी
शिक्का घेऊन उतरत असतं,
सहावी चुकवत,
शिव्या देत.